गिरणगावाला नियम नको, कायदा हवा

५ जून १९७८ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका कायद्यावर सही केली आणि मॅसॅच्युसेट्स राज्यातलं लॉवेल हे उतरणीला लागलेलं गिरण्यांचं शहर राष्ट्रीय उद्यानांच्या यादीत दाखल झालं. तोवर त्या यादीत यलोस्टोनचे उष्ण झरे होते, ग्रँड कॅन्यनची दरी होती. इतिहासाच्या नावानं जे होतं ते बहुतेक रणभूमी, किल्ले आणि मोठ्या माणसांची घरं. लॉवेलकडे यातलं काहीच नव्हतं. विटांच्या लांबच लांब गिरण्या, गाळ साचलेले कालवे आणि काम शोधत फिरणारी माणसं, एवढंच होतं. तरीही देशानं जपावं असं काहीतरी इथं घडलं आहे, असं त्या देशाच्या संसदेनं ठरवलं.

मुंबईच्या गिरणगावाबद्दल आपण गेली चाळीस वर्षं हळहळतो आहोत. त्या हळहळीत लॉवेलचं नाव अधूनमधून येतं, पण तिथलं संग्रहालय किती छान आहे एवढ्यापुरतंच. माझ्या मते लॉवेलकडून घ्यायची खरी गोष्ट त्या संग्रहालयाच्या मागे उभा असलेला कायदा आहे. गिरणगावाचं रक्षण करणारं जे काही आपल्याकडे होतं, ते शहरात कुठे काय बांधता येईल हे ठरवणाऱ्या विकास नियंत्रण नियमावलीतलं एक कलम होतं. कलम बदललं आणि गिरणगाव गेलं. जे थोडं उरलं आहे ते सभागृहात चर्चा करून, सीमा आखून, पैसा बाजूला काढून केलेल्या स्वतंत्र कायद्यानंच वाचेल.

लॉवेलची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. फ्रान्सिस कॅबट लॉवेल हा बॉस्टनचा व्यापारी १८१०च्या सुमारास इंग्लंडला गेला. तिथल्या यंत्रमागांचे आराखडे देशाबाहेर नेण्यावर बंदी होती, म्हणून त्यानं ते डोक्यात साठवून आणले. तो १८१७मध्ये वारला. त्याच्या भागीदारांनी मेरिमॅक नदीच्या धबधब्याजवळ नवं शहर वसवलं आणि त्याला त्याचं नाव दिलं. जवळजवळ नऊ किलोमीटरचे कालवे खणून पाणी गिरण्यांपर्यंत आणलं. कामाला आल्या आसपासच्या शेतकरी कुटुंबांतल्या तरुण मुली. त्या कंपनीच्या वसतिगृहात राहायच्या, घंटेवर उठायच्या, घंटेवर जेवायच्या. १८३४मध्ये मजुरी कापली तेव्हा त्यांनी काम बंद केलं. १८३६मध्ये वसतिगृहाचा खर्च वाढवला तेव्हा पुन्हा केलं. पुढच्या दशकात सेरा बॅगली या कामगार स्त्रीच्या पुढाकारानं त्यांनी संघटना काढली आणि दहा तासांच्या दिवसासाठी सह्या गोळा करून राज्याच्या विधिमंडळाकडे पाठवल्या. मतदानाचा हक्क नसलेल्या बायकांनी हे केलं.

विसाव्या शतकात गिरण्या स्वस्त मजुरीच्या शोधात दक्षिणेकडे गेल्या आणि लॉवेल रिकामं होऊ लागलं. १९६०च्या दशकात तिथं तोडफोड सुरू झाली. डटन रस्त्यावरची मुलींची जुनी वसतिगृहं १९६६मध्ये पाडली गेली. पुष्कळ स्थानिकांना त्याचं वाईटही वाटलं नाही, कारण गिरणी म्हणजे गरिबीची आठवण. ती पुसली गेली तर बरंच. या मनोवृत्तीला पहिला विरोध केला तो पॅट्रिक मोगन या शिक्षणक्षेत्रातल्या माणसानं. शहरच मुलांची शाळा व्हावी, आपल्या आजीआजोबांनी इथं काय केलं हे मुलांना रस्त्यावर दिसावं, असं तो सांगत राहिला. पुढे लॉवेलमध्येच जन्मलेले पॉल सॉन्गस संसदेत निवडून गेले आणि त्यांनी विधेयक नेटानं पुढे रेटलं.

या कायद्याची रचना बारकाईनं पाहण्यासारखी आहे. सरकारनं सगळं शहर विकत घेतलं नाही. उद्यानाचा प्रत्यक्ष भाग लहान ठेवला आणि त्याभोवती बराच मोठा संरक्षित विभाग आखला. त्या विभागातल्या इमारती ज्यांच्या होत्या त्यांच्याच राहिल्या. मालकाला इमारत जुन्या धाटणीनं दुरुस्त करायची असेल तर त्याला अनुदान आणि कर्ज मिळेल अशी सोय केली. हे पाहण्यासाठी पंधरा सदस्यांचा संरक्षण आयोग नेमला. त्यात केंद्र, राज्य आणि शहर या तिघांचेही प्रतिनिधी होते. उद्यान आणि आयोग मिळून सुमारे चार कोटी डॉलर खर्चाला कायद्यातच मंजुरी दिली. आयोगाला मुदतही घातली होती. १९९५मध्ये त्याचं काम संपलं आणि तो विसर्जित झाला. सीमा, पैसा, जबाबदार संस्था आणि मुदत हे सारं एकाच दस्तऐवजात होतं. पुढच्या कुठल्याही सरकारला यातलं काही बदलायचं तर पुन्हा संसदेपुढे यावं लागणार होतं, उघडपणे बोलावं लागणार होतं, मतदान करावं लागणार होतं. माझा सारा भर या शेवटच्या गोष्टीवर आहे.

आज लॉवेलच्या बूट गिरणीत एक अख्खं विणकाम खातं चालू स्थितीत ठेवलेलं आहे. तिथं ८८ माग आहेत. आत जाणाऱ्याला कानात घालायला बोळे देतात, कारण त्यातले काही मागच चालू असले तरी आवाज सहन होत नाही. गिरणीत आयुष्य घालवलेल्या माणसांना उतारवयात ऐकू का येत नाही, हे लालबाग-परळच्या घरांना वेगळं सांगायला नको. दुसरी गोष्ट धोट्याची, म्हणजे मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी तुकड्याची. धोट्याच्या भोकातून सूत बाहेर काढण्यासाठी विणकर ते तोंडानं ओढून घेत. एकाच धोट्याला अनेकांची तोंडं लागत, क्षय पसरत असे. मॅसॅच्युसेट्सनं ही पद्धत १९११मध्ये कायद्यानं बंद केली. मुंबईत त्याच धोट्यानं वेगळं विष पसरवलं. सूत तोंडानं ओढावं लागतं, मग विटाळ होईल, या सबबीखाली अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेतलंच जात नसे, आणि जास्त मजुरी त्याच खात्यात होती. १९२८च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला आणि तो मागण्यांत घ्यायला लावला. एका लाकडी धोट्याभोवती दोन देशांचा एवढा इतिहास गुंडाळलेला आहे. तो धोटा आणि तो माग मुलांना हात लावून पाहता येतील अशी जागा मुंबईत का नसावी?

लॉवेलचा आणि आपला संबंध याहून जुना आहे. लॉवेलच्या गिरण्यांत येणारा कापूस दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला असे. त्याच गिरण्यांत जाडंभरडं कापड विणलं जाई आणि ते गुलामांच्या अंगावर घालायला परत दक्षिणेत जाई. त्या कापडाला लोक लॉवेल याच नावानं ओळखत. १८६१मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेची बंदरं रोखली गेली. लॉवेलच्या मालकांनी हाताशी होता तो कापूस चढ्या भावानं विकला आणि गिरण्या बंद केल्या. हजारो कामगार घरी बसले. तिकडे कापसावाचून अडलेलं लँकेशायर, म्हणजे इंग्लंडमधला कापड गिरण्यांचा मुलूख, मुंबईकडे वळलं. वऱ्हाड-खानदेशातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला, कापूस-व्यापारी प्रेमचंद रायचंदांच्या काळातला शेअरांचा तो प्रसिद्ध सट्टा झाला, आणि १८६५मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं. कावसजी दावर यांनी १८५४मध्ये स्थापलेली मुंबईची पहिली कापड गिरणी ताडदेवला होतीच. पण या शहराला कापसाचं शहर म्हणून जगानं ओळखलं ते या चार-पाच वर्षांत. लॉवेलचं उद्यान गुलामगिरीच्या कापसाचा हा धागा लपवत नाही. आपलं कारखानदारीचं वैभव कशावर उभं होतं हे ते सांगतं. वारसा जपण्याच्या बाबतीत मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो.

लॉवेलनंतर अमेरिकेत असे आणखी कायदे झाले. त्यातला न्यू जर्सी राज्यातल्या पॅटर्सनचा आपल्या दृष्टीनं विशेष महत्त्वाचा आहे. अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या पुढाकारानं १७९१मध्ये स्थापन झालेल्या संस्थेनं पसेइक नदीच्या २३ मीटर उंचीच्या धबधब्याशेजारी हे औद्योगिक शहर वसवलं. तिथं सूत निघालं, कोल्टची पहिली रिव्हॉल्व्हर निघाली, रेल्वेची इंजिनं निघाली, आणि शेवटी रेशीम. १९१३मध्ये तिथल्या सुमारे २५ हजार रेशीम कामगारांनी संप केला. कारण होतं एका विणकरानं दोनऐवजी चार माग सांभाळावेत ही मालकांची सक्ती. पॅटर्सनमध्ये सभांना बंदी होती, म्हणून शेजारच्या हॅलेडन गावात एका कामगार कुटुंबाच्या घराच्या सज्जातून भाषणं होत. संप पाच महिने चालला आणि हरला. पंधरा वर्षांनी, १९२८मध्ये, मुंबईत दीड लाख कामगार सहा महिने बाहेर होते. तिथंही विणकरांना दोनऐवजी तीन साचे, म्हणजे माग, चालवायला लावण्याचा घाट होता. भाषा वेगळी, हिशेब तोच.

पॅटर्सनला राष्ट्रीय उद्यान करायला खुद्द राष्ट्रीय उद्यान सेवेचाच विरोध होता. तिच्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की हा विषय लॉवेल आणि इतर ठिकाणी आधीच मांडलेला आहे, आणखी एका उद्यानाची गरज नाही. खात्याच्या नजरेतून पाहिलं तर हे बरोबरही वाटेल. पैसा मर्यादित, यादी लांब. पण खासदार बिल पॅस्क्रेल आणि पॅटर्सनमध्येच जन्मलेले सिनेटर फ्रँक लॉटेनबर्ग यांनी माघार घेतली नाही. २००९मध्ये संसदेनं कायदा केला, २०११मध्ये उद्यान अस्तित्वात आलं. संसदेनं खात्याला डावललं हे योग्यच झालं असं मला वाटतं. कुठला भूतकाळ राष्ट्राचा मानायचा, हा प्रश्न तज्ज्ञांच्या अहवालानं पूर्ण सुटत नाही. तज्ज्ञ नमुने मोजतात. एका गावच्या लोकांना आपल्या आयुष्याची नोंद देशाच्या वहीत व्हावी असं वाटतं, ही मागणी राजकीय आहे आणि तिचं उत्तर निवडून आलेल्या सभागृहानंच द्यायला हवं. आपल्याकडे असा ठराव कुणी मांडला तर पहिला प्रतिसाद हाच येईल की अहमदाबादलाही गिरण्या होत्या, सोलापूरला होत्या, कानपूरला होत्या, मुंबईचंच कौतुक कशाला. त्याला पॅटर्सन हे उत्तर आहे. सोलापूरनंही मागावं. एकाला दिलं म्हणून दुसऱ्याला नाकारायचं कारण नाही.

शिकागोतल्या पुलमनची वाट जरा वेगळी. रेल्वेचे शयनडबे बनवणाऱ्या जॉर्ज पुलमननं १८८०पासून कामगारांसाठी टुमदार गाव बांधलं. १८९३च्या मंदीत त्यानं मजुरी कापली, घरभाडं मात्र तसंच ठेवलं. १८९४चा संप तिथून पेटला, देशभर रेल्वे थांबल्या, लष्कर आलं. १९६०मध्ये ते गाव पाडून औद्योगिक वसाहत करायचं ठरलं तेव्हा रहिवासी एकत्र आले आणि त्यांनी ते थोपवलं. संसदेत विधेयक अडकल्यावर ओबामांनी २०१५मध्ये आपल्या अधिकारात ते राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं आणि २०२२च्या अखेरीस कायद्यानं ते राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं. आजही त्या घरांत लोक राहतात, घरं त्यांच्या मालकीची आहेत. उद्यान झालं म्हणजे माणसं हलवली जातात ही भीती पुलमननं खोटी ठरवली आहे.

आता मुंबई. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही. गिरण्या एकेक करून बंद झाल्या आणि प्रश्न उरला सुमारे सहाशे एकर जमिनीचा. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत यासाठी ५८ क्रमांकाचं कलम आलं. गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करायचा तर एक तृतीयांश भाग महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला सर्वसामान्यांच्या घरांसाठी आणि उरलेला मालकाला, असा त्याचा ढोबळ आशय. कागदावर हे न्याय्य होतं. १९९६मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीनं गिरण्यांच्या जमिनींचा तुकड्या-तुकड्यानं नको, एकत्र विचार करा असा आग्रह धरला. तो अहवाल बाजूला पडला.

मग मार्च २००१मध्ये राज्य सरकारनं अधिसूचना काढून कलम ५८ बदललं. वाटणी आता संपूर्ण जमिनीची राहिली नाही. ज्या जागेवर आधीच बांधकाम नव्हतं तेवढ्याच मोकळ्या जागेची झाली. गिरणीच्या आवारात मोकळी जागा असते किती? शेड, गोदामं, चिमणी, बॉयलरघर, खात्यांच्या इमारती यांनीच ते भरलेलं. साहजिकच शहराच्या आणि म्हाडाच्या वाट्याला तुकडे आले. याविरुद्ध पर्यावरणवादी संस्था न्यायालयात गेली. ऑक्टोबर २००५मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिच्या बाजूनं निकाल दिला, मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला आणि सरकारची दुरुस्ती वैध ठरवली. दरम्यान २००५मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या पाच गिरण्या लिलावात सुमारे दोन हजार कोटींना गेल्या.

या कहाणीतली मला सर्वांत टोचणारी बाब म्हणजे ती २००१ची अधिसूचना. मुंबईच्या मध्यभागातल्या शेकडो एकरांचं भवितव्य ठरवणारा निर्णय विधानसभेत मांडून, त्यावर भाषणं होऊन, मतदान होऊन झाला नाही. नगररचना कायद्यानं सरकारला दिलेल्या अधिकारात, नियमावलीतली दुरुस्ती म्हणून तो झाला. लालबाग, परळ, शिवडी, वरळीच्या आमदारांना त्या दिवशी उभं राहून ‘मी या बाजूनं’ किंवा ‘मी त्या बाजूनं’ असं सांगावंच लागलं नाही. म्हणून आजवर कुणालाही त्याचा जाब द्यावा लागलेला नाही. कायद्यानं गिरण्या वाचल्याच असत्या अशी हमी मी देत नाही. पण त्या कुणी आणि का सोडल्या, हे नोंदलं गेलं असतं. आणि नोंद होणार हे ठाऊक असलं की सभागृहातली माणसं सहसा सावधपणे वागतात.

दुसरं दुःख असं की आपली स्थिती लॉवेलपेक्षा अनुकूल होती. लॉवेलला खासगी मालकांची मनधरणी करावी लागली. मुंबईत ५८ गिरण्यांपैकी २५ याच सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाच्या ताब्यात होत्या, त्याही संसदेनं केलेल्या कायद्यानं आलेल्या. राष्ट्रीयीकरणाचं कारण सांगितलं गेलं होतं कामगारांच्या रोजगाराचं रक्षण. म्हणजे गिरणी घ्यायला संसद जागी होती. गिरणी सोडताना तिला कुणी विचारलं नाही.

कायदा करायचा तर कुठल्या आधारानं, असा प्रश्न येईल. आपल्याकडे राष्ट्रीय उद्यान हा दर्जा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. शहरी वस्तीला तो लावता येणार नाही. प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८चा कायदा शंभर वर्षं जुन्या वास्तूंना लागू होतो आणि मुंबईच्या कितीतरी गिरण्या त्या वयाच्या आहेत. पण तो एकेका वास्तूचा विचार करतो, आणि २०१०च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत नवं बांधकामच करता येत नाही. दाट वस्तीच्या परळमध्ये हा नियम लावला तर चाळीतला रहिवासी गिरणीच्या नावानं बोटं मोडेल. म्हणून या जुन्या चौकटींत गिरणगाव कोंबण्यात अर्थ नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीतली ६७वी नोंद संसदेला राष्ट्रीय महत्त्वाची ऐतिहासिक स्मारकं कायद्यानं घोषित करण्याचा अधिकार देते. राज्याच्या यादीतली १२वी नोंद इतर स्मारकांबाबत तोच अधिकार विधिमंडळाला देते. अनुच्छेद ४९ तर राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तूंचं रक्षण हे राज्यसंस्थेचं कर्तव्यच ठरवतो. गिरणगावापुरता स्वतंत्र कायदा करायला अडचण घटनेची नाही.

खरी अडचण जमिनीच्या भावाची आहे, आणि तिला सरळ भिडायला हवं. लॉवेल उद्यान झालं तेव्हा तिथल्या गिरण्यांना गिऱ्हाईक नव्हतं. मुंबईत प्रत्येक चौरस फुटामागे रांग आहे. तरीही याच शहरात हस्तांतरणीय विकास हक्काची व्यवस्था १९९१पासून आहे. मालकाला इथं बांधता येत नसेल तर तेवढं क्षेत्र दुसरीकडे वापरता येतं. रस्त्यासाठी, शाळेसाठी, वारसा-इमारतीसाठी ती वापरली गेली आहे. गिरणगावासाठी ती कायद्यात लिहून ठेवता येईल. शिवाय इंदू मिलचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. दादरच्या समुद्राकाठची ती गिरणी आंबेडकरी जनतेनं लढून मिळवली आणि ती जमीन बाबासाहेबांच्या स्मारकासाठी द्यावीच लागली. लोकांनी जोर लावला की महामंडळाची जमीन हलते, हे तिथं सिद्ध झालं.

याहून गंभीर आक्षेप गिरणी कामगारांच्या बाजूनं येईल आणि तो मला मनापासून मान्य आहे. घर मिळालेलं नाही, तुम्ही संग्रहालयाचं काय बोलता? २०१२मध्ये म्हाडाची ६,९२५ घरांची पहिली सोडत निघाली. अर्ज करणारे कामगार आणि वारस दीड लाखांहून अधिक. आज त्यांना शेलू, वांगणीला जायला सांगितलं जातं. ज्यांच्या घामावर ही जमीन मौल्यवान झाली त्यांना कर्जत-बदलापूरच्या मधे कुठेतरी घर देणं हा अन्याय आहे आणि घरांची मागणी पहिली आहे. पण घरं आणि वारसा यांना एकमेकांविरुद्ध उभं केलं ते जमीन ज्यांना हवी होती त्यांनी. मूळचं कलम ५८ टिकलं असतं तर दोन्हींना जागा मिळाली असती. दोन्ही मागण्या एकाच कलमाच्या बदलात बुडाल्या, म्हणून त्या एकाच कायद्यात परत याव्यात. महामंडळाकडे उरलेल्या जमिनींवर आधी कामगारांची घरं, आणि त्याच आवारातल्या जुन्या इमारतींचं जतन, असं एका विधेयकात लिहिता येतं.

चाळींबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. दहा बाय बाराच्या खोलीत, सामाईक संडासावर, इतिहास जपण्यासाठी कुणी राहावं असं म्हणण्याचा हक्क कुणालाच नाही. बीडीडी चाळीतल्या माणसाला पाचशे फुटांचं घर मिळतं आहे याचा मला आनंद आहे. जपायचं ते निवडून जपावं लागेल. एखादी चाळ तिच्या गॅलरीसह, गाववाल्यांच्या सामाईक खोलीसह. एखादं खातं त्याच्या यंत्रांसह. एखादी खानावळ. खानावळीचा मी मुद्दाम उल्लेख करतो, कारण गिरणगावाच्या आठवणींत संप आणि शाहिरी येते, पण वीस-वीस माणसांचं जेवण रांधणाऱ्या बाया येत नाहीत. याच बायांना घेऊन १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. लॉवेलनं मुलींची वसतिगृहं पाडली आणि नंतर त्यासाठी पस्तावलं. खानावळ हे आपलं वसतिगृह आहे.

गिरणगावात देशाच्या महत्त्वाचं काय घडलं, असं विचारणाऱ्याला उत्तर द्यायला फार शोधावं लागत नाही. रविवारची सुट्टी १८९०मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी मिळवली. १९०८मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. १९३०मध्ये परदेशी कापडाच्या ट्रकपुढे उभा राहून मेला तो बाबू गेनू गिरणी कामगार होता. संयुक्त महाराष्ट्राचा लढा याच गल्ल्यांतून लढला गेला. यातल्या एकेका गोष्टीसाठी दुसऱ्या देशानं फलक लावला असता, शाळेच्या सहली नेल्या असत्या. आपण मॉलच्या आवारात एखादी चिमणी शोभेला ठेवली. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेत वस्त्रोद्योग संग्रहालय व्हावं ही योजना चांगली आहे. पण ती महापालिकेच्या अंदाजपत्रकाच्या आणि आयुक्तांच्या मर्जीवर वर्षानुवर्षं लांबते आहे. स्वतंत्र कायदा, स्वतःचा निधी आणि जबाबदार आयोग नसला की असंच होतं.

लॉवेलबद्दल भाबडेपणा मात्र नको. उद्यानामुळे कापडाचे रोजगार परत आले नाहीत. ऐंशीच्या दशकात तिथं वँग ही संगणक कंपनी भरभराटीला आली आणि १९९२मध्ये दिवाळखोरीत गेली, शहर पुन्हा हादरलं. जुन्या गिरण्यांत आता सदनिका आहेत आणि त्यातल्या अनेक जुन्या कामगार कुटुंबांच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. पॅटर्सन अजूनही गरीब आहे. उद्यान म्हणजे रोजगार हमी योजना नव्हे. पण लॉवेलच्या त्याच गल्ल्यांत ऐंशीच्या दशकात कंबोडियातून आलेले निर्वासित स्थिरावले, आणि हे शहर आधीपासूनच बाहेरून आलेल्या कष्टकऱ्यांचं आहे, ही गोष्ट त्यांच्या मुलांना त्या उद्यानात सांगितली जाते. आयर्लंडहून आलेल्यांची, क्युबेकहून आलेल्यांची, ग्रीसहून आलेल्यांची, मग त्यांची. मुंबईत आज कुरिअरच्या पिशव्या घेऊन लोअर परळच्या उद्वाहनात चढणाऱ्या मुलाला, त्याच जागी रत्नागिरीहून, साताऱ्याहून, आझमगडहून त्याच्यासारखीच मुलं बदली कामगार म्हणून, गैरहजर माणसाच्या जागी काम मिळावं म्हणून, उभी राहायची, हे सांगणारं एकही ठिकाण नाही.

विधेयक कोण मांडणार, हा आता व्यवहाराचा प्रश्न आहे. मुंबईतला कुठलाही खासदार अशासकीय विधेयक मांडू शकतो. मुंबईतला कुठलाही आमदार विधानसभेत ते करू शकतो. अशी विधेयकं क्वचितच मंजूर होतात, हे खरं. पण मसुदा पटलावर आला की सरकारला त्यावर बोलावं लागतं. मसुद्यात पहिली गोष्ट सीमेची यावी: कुठल्या गिरण्या, कुठल्या चाळी, कुठलं सभागृह. उरलेल्या एकाही जुन्या गिरणी-इमारतीला आयोगाच्या परवानगीवाचून पाडता येणार नाही, ही दुसरी. आणि मौखिक इतिहासाचं काम पहिल्याच वर्षी सुरू व्हावं, त्याचा पैसा वेगळा ठेवावा. १९८२मध्ये विशीत असलेला कामगार आज साठीच्या पुढे आहे, तेव्हा चाळिशीत असलेला ऐंशीच्या. बॉयलर कसा पेटवायचे, जॉबर, म्हणजे कामगार भरती करणारा मुकादम, भरतीला किती पैसे घ्यायचा, भोंगा झाल्यावर किती मिनिटांत दरवाजा बंद व्हायचा, हे यांनाच ठाऊक आहे. लॉवेलच्या आयोगात पंधरा जागा होत्या. आपल्या आयोगातल्या निम्म्या जागा गिरणी कामगारांना, त्यांच्या वारसांना आणि गिरणगावात आजही राहणाऱ्यांना मिळाव्यात, आणि हे कायद्याच्या मजकुरातच लिहिलेलं असावं, नंतरच्या नियमांवर सोडलेलं नसावं.